प्रमाण विचलन काढताना या चुका टाळा

आकडे होते ४, ७, ८, ९, १२ आणि स्क्रीनवर प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती साधारण किती पसरलेत याचं माप) आलं ५०.५७. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यात अंतरच ८ चं, मग हे ५० आलं कुठून? १२ ऐवजी १२० टाइप झालं होतं. सूत्र बरोबर, बटण बरोबर, फक्त एक शून्य जास्तीचं.

म्हणून मी आधी अंदाज घेतो, मग आकडेमोड. एकूण संख्येने भागून काढलेलं प्रमाण विचलन कधीही विस्ताराच्या, म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यातल्या अंतराच्या, निम्म्याहून जास्त नसतं. इथे विस्तार ८, म्हणजे कमाल ४. एकने कमी संख्येने भागलं तर ते किंचित वर सरकू शकतं, पण ५० नाहीच. आणि ऋण उत्तर आलं तर पुढे जाऊच नका.

आता तेच आकडे हाताने. सरासरी ८. फरक −४, −१, ०, १, ४. नवशिके इथेच फसतात: फरकांची बेरीज करतात, शून्य येतं, मग वाटतं गणित चुकलं. चुकलेलं नाही, सरासरीपासूनच्या फरकांची बेरीज शून्यच येते. म्हणूनच तर वर्ग करायचे: १६, १, ०, १, १६, बेरीज ३४.

भागायचं कशाने, यावरून सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ३४ ला ५ ने भागलं तर येणारा भागाकार, म्हणजे प्रचरण, ६.८ आणि त्याचं वर्गमूळ, म्हणजे प्रमाण विचलन, २.६१. ४ ने भागलं तर ८.५ आणि २.९२. दोन्ही बरोबर, प्रश्न वेगळे. हे पाच आकडे म्हणजेच सगळा समूह असेल तर ५. मोठ्या समूहातून उचललेला नमुना असेल आणि त्यावरून त्या समूहाचा अंदाज बांधायचा असेल तर ४. कारण असं, की आपण फरक मोजतो ते नमुन्याच्याच सरासरीपासून, आणि वर्गांची बेरीज नेमकी त्याच बिंदूपाशी सर्वांत कमी असते. समूहाची खरी सरासरी ९ असेल तर हीच बेरीज ३९ होते. म्हणजे आपलं ३४ मुळातच तोकडं. लहान संख्येने भागून ती कसर भरून काढायची. यालाच बेसेल दुरुस्ती म्हणतात.

सॉफ्टवेअर मात्र हा प्रश्न न विचारताच उत्तर देतं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं नमपाय हे आकडेमोडीचं साधन आपणहून पूर्ण संख्येने भागतं, तर तिथलंच पांडाज हे साधन एकने कमी करून. एकाच यादीची दोन उत्तरं दिसली की लोक डेटा तपासत बसतात. आधी भाजक तपासा.

वर्गमूळ घ्यायला विसरणं ही साधी चूक, एकक पाहिलं की पकडली जाते. उंची सेंटिमीटरमध्ये असेल तर प्रचरण चौरस सेंटिमीटरमध्ये येतं, आणि उंचीतला फरक कोणी चौरसात सांगत नाही.

‘वर्गांची सरासरी वजा सरासरीचा वर्ग’ हे प्रचरणाचं शॉर्टकट सूत्र कागदावर छान, संगणकावर जपून. वरच्या प्रत्येक आकड्यात शंभर कोटी मिळवा. पसरण तसूभरही बदलत नाही, पण वर्ग १९ अंकी होतात आणि संगणकाच्या नेहमीच्या दशांश साठवणुकीत साधारण १५-१६ अंकच नेमके टिकतात. दोन अवाढव्य संख्यांच्या वजाबाकीत आपलं ६.८ वाहून जातं. कधी शून्य मिळतं, कधी ऋण उत्तरही. उपाय सोपा: आधी सगळ्यांतून शंभर कोटी वजा करा, मग मोजा.

दोन गटांच्या प्रमाण विचलनांची सरासरी काढून ‘एकत्रित’ उत्तर देऊ नका. सारख्याच आकाराचे दोन गट, दोन्हींचं विचलन १, पण सरासरी १० आणि ५०. एकत्र केल्यावर विचलन सुमारे २० होतं, कारण गटांमधलं अंतरही पसरणच असतं.

आणि रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. वरच्या यादीत नोंदच न झालेला एक आकडा ० म्हणून घेतला, तर सरासरी ८ वरून ६.६७ वर उतरते आणि २.६१ चं विचलन ३.८२ होतं.