चित्रकार गायतोंडे भिंतीवर हवेत? मग प्रिंट घेताना एवढं बघा

'म्युझियम क्वालिटी' असं हल्ली कोणीही कशावरही लिहितं, त्याला कुठला शिक्का लागत नाही, त्यामुळे तेवढं वाचून पैसे देऊ नका. कागद कुठला ते विचारा. शंभर टक्के कॉटन, अॅसिड-फ्री, 300 जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) आसपास आणि मॅट, म्हणजे न चमकणारा हवा. शाई पिगमेंटचीच, म्हणजे रंगाची बारीक पूड असलेली, डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, लवकर उडते. आणि फाइल केवढी आहे तेही विचारा, कारण 24 बाय 36 इंचाला 200 डीपीआय, म्हणजे इंचाला 200 ठिपके, धरलं तरी 4800 बाय 7200 पिक्सेल लागतात, नेटवरून उतरवलेला फोटो ताणून चालत नाही.

पोर्ट्रेटमध्ये रंग जरा हुकला तरी चेहरा निभावून नेतो हो, पण गायतोंडेंच्या चित्रात रंग आणि पोत सोडून धरायला आहेच काय? रोलर आणि पॅलेट नाइफने थरावर थर द्यायचे, परत खरवडायचे, आणि स्वतः तर आपल्या चित्रांना अॅब्स्ट्रॅक्टसुद्धा म्हणायचे नाहीत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणायचे, म्हणजे कुठल्याही वस्तूचं चित्र नसलेलं. माझी पहिली प्रिंट फोनवर हापूसचा रस दिसत होती, घरी आलं ते पिठलं, वर ग्लॉसी कागद, म्हणजे चित्रात मधोमध आमची ट्यूबलाइट! तेव्हापासून मी आधी वीतभर टेस्ट पीस मागतो, पूर्ण साइजमधलाच तुकडा, आणि तो दिवसा खिडकीत आणि रात्री घरातल्या दिव्याखाली बघतो. देत नसेल तर दुसरा प्रिंटर. जमलं तर मुंबईत जहांगीर निकल्सन फाउंडेशनच्या संग्रहातले गायतोंडे लागलेले असतील तेव्हा एकदा समोर उभं राहून या, डोळ्याला माप मिळतं.

कॉपीराइटचं पण बघा. आपल्याकडे चित्रकार गेल्यावर 60 वर्षं तो राहतो, गायतोंडे 2001 ला गेले, दुसरे मोठे चित्रकार एस. एच. रझा 2016 ला, त्यामुळे परवानगी कोणाकडून घेतलीय हे विक्रेत्याला बिनधास्त विचारायचं. रझांचे सेरिग्राफ ही वेगळी गोष्ट, ते स्क्रीन प्रिंट, ठरावीक प्रती, खाली पेन्सिलने नंबर आणि सही, किंमतही त्या हिशोबाने. साधी ओपन एडिशन, म्हणजे प्रतींवर मर्यादा नसलेली प्रिंट, बघायला घ्यायची, उद्या भाव येईल म्हणून नाही.

साइज अंदाजाने सांगू नका. गायतोंडेंची बरीच कॅनव्हास 70 बाय 40 इंच, उभी, त्यामुळे सोफ्यावरच्या आडव्या भिंतीपेक्षा दोन दारांमधल्या पट्टीवर जास्त शोभतात. भिंतीवर त्या मापाचे पेपर चिकटवून चार दिवस राहू द्या, घरचे काय म्हणतात तेही कळतं.

फ्रेमवाला हमखास म्हणणार, 'साहेब, बोर्डावर पूर्ण चिकटवून देतो, फुगणार नाही.' अजिबात नको. वरच्या कडेला अॅसिड-फ्री टेपचे दोन तुकडे पुरतात, कागदाला पावसाळ्यात हलायला जागा लागते. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, घाला म्हणजे काच कागदाला टेकत नाही, नाहीतर दमट हवेत चिकटते. ऊन येत असेल तर काचेऐवजी यूव्ही अॅक्रिलिक, म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवणारं पारदर्शक प्लास्टिक. मागे साधं एमडीएफ नको, ओल धरतं आणि फुगतं, अॅसिड-फ्री बोर्ड घ्या आणि मागच्या फटी टेपने बंद करा, कसर तिथूनच शिरते. बाथरूमला लागून असलेली भिंत सोडा, आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं लावून घ्या, म्हणजे हवा खेळती राहते.