जर्मनीतनं कोल्हापूरला सुट्टीवर येताय? मग हे आधी वाचा

पहिलं म्हणजे आल्या आल्या आईसमोर "आता कायमचाच येतो" असं बोलू नका, मी दोनदा बोललोय आणि दोन्ही वेळा तिनं वरची खोली रंगवून घेतली. रंकाळ्यावर वारं लागलं, मिसळीत ब्रेड बुडवून दुसऱ्यांदा कट मागितला की कुणालाबी असंच वाटतंय ओ. त्या भरात काय ठरवायचं नाही, आणि तिकडं नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो तेव्हाबी ठरवायचं नाही.

चौथ्या दिवसापासनं हॉर्न डोक्यात जायला लागतात. तिकडं रविवारी दुकानं बंद म्हणून शिव्या घालणारे आपणच इकडं "जरा शांतता पाहिजे राव" म्हणतो. हे कट्ट्यावर तोंडातनं काढू नका, दोस्त लगेच "साहेब झालास की" म्हणतात. लईच वाटलं तर पहाटे पंचगंगा घाटावर एकटं जाऊन बसा.

आता पासपोर्ट. 27 जून 2024 पासनं जर्मनीचं नागरिकत्व घेताना जुनं सोडावं लागत नाही, साधारण पाच वर्षं राहिलं की अर्ज करता येतो, पण आपल्याकडं दुहेरी चालतच नाही, तिकडचं घेतलं की 1955 च्या कायद्यानं इकडचं आपोआप जातं आणि पासपोर्ट जमा करावा लागतो. मग ओसीआय कार्ड काढायचं, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड. यायला-राहायला व्हिसा लागत नाही, पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली चालते. म्हणून हा विषय वडिलांजवळ जेवताना काढू नका, त्यांच्यासंगट उसाच्या रानात जावा, बांधावर बसून सांगा, आणि "वारसानं" हा शब्द जपून वापरा, मी बिनधास्त वापरला आणि ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जर्मन नागरिकत्वाचा माझा फॉर्म भरून दीड वर्ष झालं, ड्रॉवरमधेच आहे.

जाताना तूप, पेढे, सुक्कं मटण नको, दुधाचं आणि मटणाचं युरोपात नेता येत नाही, आई कितीबी म्हणूदे. गूळ न्या. कांदा-लसूण चटणी दोन-तीन पिशव्यांत घट्ट बांधून चेक-इनच्या बॅगेत, आणि कपड्यांपासनं लांब ठेवा, तेल सुटतंय. माझ्या ऑफिसच्या ब्लेझरला अजून वास येतोय, ड्रायक्लीनला काय टाकलेला नाही.