किट कारचे पुढचे मडगार्ड बसवताना या चुका टाळा

लोटस सेव्हनच्या वळणाची कुठलीही गाडी समोरून बघा. निमुळते नाक, त्याच्या दोन्ही अंगांना बॉडीपासून सुटी, उघडी चाके आणि प्रत्येक चाकावर सायकलच्या मडगार्डासारखी एक कमान. ब्रिटनमध्ये तिला ‘सायकल विंग’ असेच म्हणतात. मूळ गाडी १९५७ सालची. १९७३ मध्ये तिचे हक्क कॅटरहॅमकडे गेले, आणि तिच्या धर्तीच्या किट कार, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडायच्या गाड्या, तेव्हापासून आजपर्यंत ब्रिटनमधल्या घरोघरच्या गॅरेजांत बांधल्या जात आहेत. आपल्याकडे अलिबागच्या चिंकारा मोटर्सनेही ॲम्बॅसॅडरमध्ये येणारे १.८ लिटरचे इसुझू इंजिन घालून याच धाटणीची रोडस्टर काढली होती.

मी मिडलंड्समध्ये राहतो आणि अशीच एक गाडी घरी बांधली आहे. चासी, इंजिन आणि वायरिंग यांत दोन हिवाळे गेले. पुढच्या मडगार्डांना मात्र मी एकच शनिवार दिला. सहाशे मैल व्हायच्या आत डाव्या मडगार्डाचा लोखंडी स्टे, म्हणजे मडगार्डाला धरून ठेवणारा दांडा, चाकाजवळ तुटला. गल्लीतला वेग होता, म्हणून मडगार्ड टायरवर घासण्यावर भागले. हायवेवर तेच टायरखाली ओढले गेले असते किंवा उडून मागे बसलेल्याच्या अंगावर आले असते. त्यानंतर मी हे काम पहिल्यापासून नीट शिकलो, आणि मित्रांच्या गाड्यांवर पुन्हा पुन्हा त्याच चुका पाहिल्या.

मडगार्डाला बॉडीचा भाग समजणे

बाकीच्या बहुतेक चुका या समजुतीतून निघतात. आपल्या रोजच्या गाडीचे मडगार्ड बॉडीला असते, आणि बॉडी स्प्रिंगवर तरंगते. सायकल विंगचे तसे नाही. तिचा स्टे थेट अपराइटला, म्हणजे ज्यात चाकाचे बेअरिंग बसते त्या तुकड्याला, बोल्टने जोडलेला असतो. चाक वळले की ती वळते, चाक उडाले की ती उडते. मध्ये स्प्रिंग नाही, शॉकॲब्सॉर्बर नाही. धक्का झेलायला फक्त टायरची हवा.

स्टे धरून एका बाजूचे वजन अडीच किलो समजा. खड्ड्याच्या कडेवर चाकाला गुरुत्वाच्या दहापट झटका बसला, तर त्या क्षणी तेच वजन २५ किलोसारखे ओढते. तेही एका बाजूने धरलेल्या, टायरला वळसा घालून वर गेलेल्या लांब दांड्याच्या टोकाला. शिवाय चाकाच्या बॅलन्समध्ये थोडी जरी उणीव असली तरी प्रत्येक फेऱ्याला एक हिसका बसतो. १९५/५० आर १५ टायरचा व्यास ५७६ मिमी आहे. ताशी ५० मैलांना हे चाक सेकंदाला सुमारे १२ वेळा फिरते, म्हणजे तासाला ४४ हजार हिसके. लोखंड एका झटक्याने क्वचितच तुटते. अशा हजारो बारीक वाकण्यांनी ते थकते, आधी केसाएवढी चीर पडते आणि मग एखाद्या साध्या गतिरोधकावर ते सुटते. म्हणून या स्टेचा विचार सस्पेन्शनच्या विशबोनइतक्याच, म्हणजे चाकाला चासीशी जोडणाऱ्या दांड्याइतक्याच, गांभीर्याने करावा.

पट्टीचा स्टे

माझा तुटलेला स्टे २५ × ५ मिमीच्या पट्टीचा होता. हातात घेतली की ती दणकट वाटते, कारण आपण ती रुंदीच्या बाजूने वाकवून बघतो. आडव्या बाजूने तिची ताकद फार कमी असते. वाकण्याला विरोध करणारा आकडा, ज्याला क्षेत्रफळाचा दुसरा आघूर्ण म्हणतात, या पट्टीचा रुंदीच्या बाजूने सुमारे ६,५०० मिमी⁴ येतो आणि जाडीच्या बाजूने जेमतेम २६०. बाहेरून १९ मिमी आणि १.५ मिमी जाडीचा गोल पाइप घेतला तर तो सगळ्या बाजूंनी सारखाच, सुमारे ३,२००. १२ मिमीचा भरीव रॉड? त्याचा आकडा १,००० च्या आसपास आणि वजन पाइपपेक्षा तिसऱ्या हिश्शाने जास्त. मडगार्ड पुढे-मागे, वर-खाली, आत-बाहेर अशा सगळ्या दिशांनी हलू पाहते. तिथे गोल पाइपला पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे.

एका कमानीवर भागवू नका. एक पाइप पुढे, एक मागे, दोन्ही टायरवरून आडवे जाणारे आणि आतल्या अंगाला खाली एकाच जाड प्लेटवर येणारे, अशी चौकट करा. दोन पायांत जितके अंतर, तितके मडगार्डाचे डोलणे कमी. पाइप वाकवताना आतल्या बाजूला सुरकुती पडली तर तो तुकडा बाजूला ठेवून दुसरा घ्या, कारण चीर तिथूनच सुरू होते. पाइपची उघडी टोके वेल्डने बंद करा. पाणी आत शिरले की गंज आतून खातो, आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत चकचकीत राहतो.

वेल्ड घासून गुळगुळीत करणे

दिसायला छान म्हणून अनेक जण ग्राइंडरने वेल्ड सपाट करतात. त्यात भरलेला धातूच निघून जातो, आणि वेल्डच्या कडेला, जिथे उष्णतेने मूळ लोखंड आधीच बदललेले असते, तिथे ओरखडे पडतात. हे ओरखडे म्हणजे चिरेला दिलेले आमंत्रण. वेल्ड आहे तसा राहू द्या. पाइप प्लेटला मिळतो त्या कोपऱ्यात एक छोटी तिकोनी पट्टी घाला. तिचे टोक पाइपवर एकदम संपू देऊ नका, उतरते करा.

तुटलेल्या जागी जाड तुकडा ठोकून पुन्हा वेल्ड करणे ही तर जुनी सवय आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लहानपणी मी ट्रॉलींवर हे कितीदा पाहिले आहे. आठवड्याने चीर नव्या तुकड्याच्या कडेलाच दिसते. ताण कमी झालेला नसतो, तो फक्त दोन इंच पुढे सरकलेला असतो. त्याच जागी दुसऱ्यांदा तुटले तर रचना बदला.

कॅलिपरच्या बोल्टखाली प्लेट सरकवणे

अपराइटवर मोकळी भोके कमी असतात, म्हणून ब्रेक कॅलिपरचेच, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचेच, बोल्ट काढून त्यांच्या डोक्याखाली स्टेची प्लेट बसवतात. ही पद्धत चालते, पण काळजी घेतली तरच.

प्लेट कॅलिपर आणि अपराइटच्या मध्ये कधीही घालू नका. कॅलिपर तेवढाच सरकतो आणि डिस्कच्या मध्यावर राहत नाही. प्लेट बोल्टच्या डोक्याखाली आली की तिच्या जाडीएवढा जास्त लांब बोल्ट लागतो, नाहीतर आटे अपुरे धरतात. तो मूळ बोल्टच्याच ताकदीच्या ग्रेडचा असावा. डोक्यावर १०.९ असेल तर नवाही १०.९ चाच, हार्डवेअरच्या दुकानातला साधा चमकता बोल्ट नव्हे. ज्या गाडीचे ब्रेक वापरले तिच्या पुस्तकात दिलेला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, लावा. आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटते ती गोष्ट अशी: प्लेटवरची पावडर कोटिंग बोल्टच्या डोक्याखालून आणि मागूनही खरवडून काढा. तो जाड थर दाबाने हळूहळू पातळ होतो, बोल्टचा ताण सैल पडतो, आणि ते ब्रेकचे बोल्ट आहेत.

वेगळा नट लागत असेल तर डिस्कच्या इतक्या जवळ नायलॉनचा लॉकनट नको. उष्णतेने नायलॉन मऊ पडते. पूर्ण धातूचा लॉकनट वापरा. अपराइटला वेल्ड करणे किंवा त्यात नवे भोक पाडणे हा तर विचारच नको.

चाक लटकत असताना माप घेणे

गाडी स्टँडवर, चाके लोंबकळती, आणि त्या स्थितीत सगळे छान बसलेले दिसते. मग गाडी जमिनीवर येते, स्टेअरिंग पूर्ण वळते आणि मडगार्डाची आतली कड नाकाला किंवा हेडलाइटला टेकते.

यासाठी कॉइल स्प्रिंग काढून घ्या, नुसता शॉकॲब्सॉर्बर परत बसवा आणि चाकाखाली जॅक लावा. आता चाक तळापासून वरच्या टोकापर्यंत सहज नेता येते. दर २० मिमीला थांबून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मडगार्ड बॉडीपासून किती दूर राहते, ब्रेकचा होज ताणला जातो का, स्टे विशबोनला लागतो का, सगळे बघा. हे काम दोघांचे आहे. मी फिरवायचो आणि माझी मुलगी टॉर्च धरून आत बघायची.

टायर आणि मडगार्ड यांतल्या फटीबद्दल लोक उलट चूक करतात. बॉडीवरच्या मडगार्डाला स्प्रिंगच्या हालचालीसाठी मोठी फट लागते, म्हणून इथेही तेवढीच सोडतात. पण हे मडगार्ड चाकाबरोबरच हलते, फट बदलत नाही. ३० ते ४० मिमी पुरते. फार कमी ठेवली तर अडकलेला खडा मडगार्ड खरवडत जातो. आणि १८५/६० आर १३ टायरवर बेतलेले मडगार्ड नंतर १९५/५० आर १५ वर तसेच चालेल असे धरू नका. त्रिज्या १२ मिमीने वाढते.

कोन मोजताना पन्नासावर थांबणे

ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या गाडीला नोंदणीआधी आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीच्या मंजुरीची सरकारी चाचणी, द्यावी लागते. २००९ पूर्वीची चाचणी एसव्हीए नावाची होती. नियम असा: चाके सरळ असताना मडगार्डाने टायरची पूर्ण रुंदी झाकावी, चाकाच्या मध्यातून जाणाऱ्या उभ्या रेषेच्या पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश. शिवाय मागचे टोक चाकाच्या अक्षापासून १५० मिमीपेक्षा वर संपू नये.

लोक ५० अंश मोजतात आणि थांबतात. वर सांगितलेल्या १५ इंची टायरला ३५ मिमी फट ठेवली तर ५० अंशांवर टोक अक्षापासून सुमारे २०७ मिमी वर राहते. १५० पर्यंत उतरायला ६२ अंशांहून किंचित जास्त लागतात. म्हणजे खरी अट दुसरीच आहे. मोजायला महागडे साधन नको. मडगार्डाच्या माथ्यावरून ओळंबा सोडा, चाकाच्या मध्यावर कोनमापक धरा.

उघड्या कडांना किमान २.५ मिमी गोलाई लागते. रबरी कड आणि बोल्टवर प्लास्टिकच्या टोप्या लावल्या की हे बहुतेक वेळा भागते.

फायबरमध्ये थेट बोल्ट

फायबरग्लासच्या मडगार्डात भोक पाडून बोल्ट आवळला की वरचा चकचकीत थर कोळ्याच्या जाळ्यासारखा तडकतो. भोक पाडण्याआधी मास्किंग टेप लावा, ड्रिल वरच्या बाजूने मारा, तोंडाला मास्क बांधा. आतून मोठे पेनी वॉशर आणि रबर द्या. त्याहून चांगले म्हणजे मडगार्ड पाइपला पॉलियुरेथेन चिकटद्रव्याने जोडणे. दोन्ही पृष्ठभाग घासा, ॲसिटोनने पुसा, आणि २-३ मिमीचा थर राहील असे ठोकळे ठेवा. दाबून सगळे बाहेर काढले तर जोड कडक आणि कमकुवत होतो.

मडगार्डावर इंडिकेटर असेल तर अर्थची वायर वेगळी ओढा, फायबरमधून वीज जात नाही. वायरला अपराइटजवळ सैल वेटोळे ठेवा.

लक्षणावरून दोष ओळखणे

एका ठरावीक वेगालाच मडगार्ड थरथरते, त्याच्या खाली-वर शांत असते, हा अनुनाद, म्हणजे चाकाच्या हिसक्यांचा ठोका मडगार्डाच्या स्वतःच्या झोक्याशी जुळणे. आधी चाक बॅलन्स करा. तेवढ्याने थांबले नाही तर मडगार्डाच्या मागच्या टोकाला तळहाताने थाप मारा आणि फोनच्या स्लो-मोशन कॅमेऱ्यात टिपा. सेकंदाला २४० फ्रेमच्या चित्रणात एक झोका २० फ्रेममध्ये पूर्ण झाला तर ती १२ हर्ट्झ, म्हणजे नेमका ५० मैलांच्या वेगाचा ठोका. स्टे इतका ताठ करा की हा आकडा तुमच्या नेहमीच्या वेगापेक्षा बराच वर जाईल.

वेगाबरोबर थरथर वाढतच गेली तर वारा मडगार्डाखाली शिरतो आहे. दोन पायांतले अंतर वाढवा. फक्त खड्ड्यात खडखड येत असेल तर बोल्ट सैल आहे, त्याच दिवशी बघा. बोल्टवर रंगाची एक रेघ ओढून ठेवली की तो फिरला का हे वाकून बघताच कळते.

आता मी दर महिन्याला स्टेचे जोड कापडाने पुसून त्यांच्यावर टॉर्च तिरपा धरतो आणि मडगार्डाचे मागचे टोक हाताने हलवतो. मडगार्डाबरोबर चाक आणि गाडीचे नाकही हलले तर काम ठीक आहे. एकटे मडगार्ड हलले तर गाडी गॅरेजातच राहते.