नव्या पोस्टमनला सापडेल असा पोकेस्टॉप

साताऱ्याच्या पेठांमधून पत्रं वाटण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर नातवाने मोबाइलमध्ये पोकेमॉन गो घालून दिलं; बाहेर हिंडत नकाशावर दिसणारे काल्पनिक प्राणी, म्हणजे पोकेमॉन, धरायचा हा खेळ. आता सकाळी साताऱ्यातल्या 'चार भिंती' स्मारकाचा चढ चढताना मी पोकेमॉन धरतो. बायको हसते, हसू दे.

नवीन पोकेस्टॉप, म्हणजे खऱ्या जागेवर बसवलेला खेळातला थांबा, सुचवायची सोय मिळाल्यावर पहिला सुचवला आमच्या गल्लीतला मारुती. शीर्षक 'मारुती मंदिर', वर्णन 'अतिशय प्राचीन व जागृत देवस्थान'. नामंजूर! मी चिडलो. नातू म्हणाला, "आबा, तपासणारा काय साताऱ्याचा आहे का?"

तिथेच सगळं आलं. वेफेअरर नावाच्या संकेतस्थळावर आपल्यासारखेच खेळाडू आलेल्या सूचना तपासतात. तो माणूस नांदेडचा असेल, नाहीतर पार परदेशातला. 'मारुती मंदिर, सातारा' एवढ्याच पत्त्याचं पाकीट हाती आलं असतं, तर मीही पाठवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली असती.

म्हणून शीर्षकात पेठ घाला, खूण घाला. वर्णनातून 'प्राचीन', 'प्रसिद्ध' काढा आणि डोळ्यांना दिसणारं, पडताळता येणारं लिहा. साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटांच्या विहिरीचं उदाहरण घ्या: 'विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ दरम्यान बांधलेली अष्टकोनी दगडी विहीर. एका वेळी बारा मोटा चालतील अशी रचना. भिंतीत शिलालेख.' एवढं पुरे.

पूरक माहितीचा रकाना मात्र फक्त तपासणारा वाचतो. लोक तिथे कशाला जातात, पायी कुठून जायचं, खात्री कुठे करता येईल, ते तिथे लिहा. 'आमच्याकडे एकही स्टॉप नाही, कृपया पास करा' हे रडगाणं कुणी मोजत नाही.

माझी खरी चूक फोटोंत होती. फोटो दोन लागतात. पहिल्यात फक्त ती वस्तू, चांगल्या उजेडात. माणसांचे चेहरे, गाडीची नंबरप्लेट, स्वतःचं बोट नको. फोटो आपणच काढलेला हवा, वर्तमानपत्रातला चालत नाही. दुसऱ्यात आजूबाजूचा परिसर. मी दोन्ही वेळा जवळ जाऊन शेंदूरच टिपला होता. ही मूर्ती कुणाच्या देवघरातली आहे की रस्त्यावरची, हे बघणाऱ्याला कळावं कसं? दुसऱ्या वेळी दहा पावलं मागे सरलो. पिंपळ, पार आणि रस्ता एका चौकटीत आले.

जागा दाखवणारी पिन उपग्रहाचं चित्र मोठं करून नेमकी बसवा. पेठेतल्या अरुंद बोळात जीपीएस हमखास शेजाऱ्याच्या कौलांवर जाऊन बसतं.

गणपतीचा मांडव पाठवू नका, दहा दिवसांनी तो तिथे नसतो. बारावीपर्यंतच्या शाळांचं आवार आणि कुणाच्या घरचं तुळशी वृंदावनही नको. कासची फुलं चालत नाहीत, पण त्यांची माहिती सांगणारा कायमचा फलक चालू शकतो. जिथे पायी सुखरूप पोचता येत नाही ते सोडूनच द्या.

माझा मारुती दुसऱ्या खेपेला पास झाला, पण नकाशावर दिसेना. नातवाने उलगडा केला: पोकेमॉन गोमध्ये नकाशाचे साधारण ७० मीटरचे अदृश्य चौकोन असतात आणि एका चौकोनात एकच जागा दिसते. आमच्या चौकोनात पाण्याचा जुना हौद आधीच बसलेला. इनग्रेस नावाच्या दुसऱ्या खेळात मारुती दिसेल म्हणे. ते ॲप अजून घातलेलं नाही.