जावास्क्रिप्टची "आउटपुट काय येईल?" कोडी पाठ न करता कशी सोडवायची

जावास्क्रिप्ट म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी भाषा, तिची एखादी ओळ देऊन "आउटपुट काय येईल?" असं विचारतात; इंटरव्ह्यूच्या आधी लोक ही कोडी अक्षरशः पाठ करतात, [] + [] केलं की काय, '5' + 3 आणि '5' - 3 वेगळं का, आणि मग समोरच्याने एक कंस इकडचा तिकडे केला की सगळं ओम फस्. पाठ करायची काहीच गरज नाही, नियम मोजके आहेत आणि ते एकदा डोक्यात बसले की बहुतेक कोडी कागदावरच सुटतात.

क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये एफ१२ दाबा, कन्सोल टॅब उघडा, बास, बाकी काही इन्स्टॉल करायचं नाही. कीवर्ड मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये. आणि एक सवय लावून घ्या, आधी उत्तर कागदावर लिहायचं आणि मगच एंटर मारायचं, नाहीतर उत्तर बघितल्यावर "हो हो, हेच येणार होतं" असं प्रत्येकालाच वाटतं.

आता नियम. वजा, गुणिले, भागिले यांना फक्त नंबर कळतात, समोर काहीही येऊ दे, ते त्याचा नंबर करायला बघतात. अधिक मात्र दुटप्पी आहे, दोन्हीपैकी एक जरी स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) निघाली तरी तो बेरीज सोडून जोडाजोडी करतो, म्हणून '5' - 3 म्हणजे 2 पण '5' + 3 म्हणजे '53'. ॲरे (चौकोनी कंसातली यादी) किंवा ऑब्जेक्ट (महिरपी कंसातला माहितीचा गठ्ठा) आला की आधी त्याची स्ट्रिंग होते: ॲरेचे घटक स्वल्पविरामाने जोडले जातात, रिकाम्या ॲरेची रिकामी स्ट्रिंग होते. नंबर करताना रिकाम्या स्ट्रिंगचा 0, ट्रूचा 1, फॉल्सचा 0, नलचा (मुद्दाम रिकामं) 0, अनडिफाइन्डचा (किंमत दिलेलीच नाही) नॅन, म्हणजे "नंबर नाही". एवढंच.

लावून बघा. [1, 2] + [3, 4] म्हणजे '1,2' ला '3,4' चिकटणार, उत्तर '1,23,4'. '5' - - '3' मध्ये दुसरा वजा '3' चा उणे तीन करतो, मग पाच वजा उणे तीन, आठ. 3 > 2 > 1 डावीकडून सोडवा, 3 > 2 ट्रू, मग ट्रू > 1 म्हणजे 1 > 1, म्हणजे फॉल्स, आणि हे गणिताच्या सरांना दाखवू नका.

सगळ्यात बदनाम कोडं म्हणजे [] == ![], उत्तर ट्रू येतं आणि लोक भाषेला शिव्या घालतात, पण सावकाश बघा. उद्गारचिन्ह आधी सुटतं, ॲरे रिकामा असला तरी तो "खरा" धरतात, म्हणून ![] म्हणजे फॉल्स. आता उरलं [] == फॉल्स. डबल इक्वलला (==) ट्रू-फॉल्स दिसला की तो त्याचा नंबर करतो, म्हणजे [] == 0. ॲरेची स्ट्रिंग, '' == 0. स्ट्रिंगचा नंबर, 0 == 0. झालं, पाच ओळींचं काम आहे, जादू वगैरे काही नाही. रोजच्या कोडमध्ये ट्रिपल इक्वल (===, तो असं रूपांतर करत नाही) वापरा आणि या भानगडीतच पडू नका, हे माझं ठाम मत.

नलचं मात्र वेगळं लक्षात ठेवावं लागतं. नल == 0 फॉल्स, पण नल >= 0 ट्रू, कारण डबल इक्वलमध्ये नलची जोडी फक्त स्वतःशी आणि अनडिफाइन्डशी जमते, मोठं-लहान बघताना मात्र त्याचा नंबर केला जातो. टाइपऑफ नल, म्हणजे नल कोणत्या प्रकारचा, असं विचारलं तर 'ऑब्जेक्ट' येतं, ही सरळ सरळ जुनी चूक आहे. १९९५च्या मे महिन्यात नेटस्केप या ब्राउझर कंपनीत ब्रेंडन आइकने दहा दिवसांत भाषेचा पहिला नमुना उभा केला, त्या सुरुवातीच्या काळातली ती चूक अजून तशीच आहे, दुरुस्तीचा प्रस्तावही आला होता पण असलेल्या वेबसाइट्स मोडतील म्हणून नाकारला गेला.

पुढचं, ['10', '10', '10'] या ॲरेवर मॅप (प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणारा) चालवा आणि आत नुसतं पार्सइंट (स्ट्रिंगमधून पूर्णांक काढणारं) द्या. उत्तर 10, नॅन, 2. कारण मॅप आतल्या फंक्शनला घटक देतो, त्याच्या मागोमाग त्याचा इंडेक्स (0 पासूनचा क्रमांक) पण देतो आणि पार्सइंट दुसऱ्या जागी पाया (दशमान, द्विमान वगैरे) घेतं. पाया 0 म्हणजे "तूच ठरव" म्हणून दशमान, पाया 1 असतच नाही म्हणून नॅन, पाया 2 मध्ये '10' म्हणजे दोन. पार्सइंटच्या जागी नंबर फंक्शन द्या, सुटलात. तसंच [10, 9, 1] ला नुसतं सॉर्ट केलं तर 1, 10, 9 येतं कारण तो सगळ्यांच्या स्ट्रिंग करून लावतो, दोन घटकांची वजाबाकी करणारं फंक्शन द्यावं लागतं. रिटर्न लिहून ऑब्जेक्टचा कंस पुढच्या ओळीवर नेला तर अनडिफाइन्ड मिळतं, तिथे रिटर्नपाशी अर्धविराम आपोआप पडतो. 0.1 + 0.2 बरोबर 0.3 न येता 0.30000000000000004 येतं हे तर सगळ्यांना माहीतच आहे, म्हणून पैशांचा हिशोब पूर्ण पैशांत (१ रुपया = १०० पैसे) ठेवा, रुपयांत नको.

आता जे त्या तयार प्रश्नांच्या यादीत कधीच नसतं ते, म्हणजे आपली देवनागरी. व्हेरिएबलचं नाव मराठीत चालतं, लेट किंमत = 10 लिहा आणि किंमत * 2 करा, 20 येईल, मात्रा-अनुस्वारासकट चालतं. दर१ हे नाव पण चालतं. पण किंमत = १० लिहिलं की एरर, कारण नावाच्या मधे देवनागरी अंक चालतो, नंबर म्हणून चालत नाही. नंबर('१२३') पण नॅनच देतं आणि रेगेक्समधला (मजकूर शोधायच्या नमुन्यातला) अंकवाला पॅटर्न फक्त 0 ते 9 ओळखतो. गंमत अशी की टूलोकेलस्ट्रिंगला (नंबर त्या-त्या भाषेच्या पद्धतीने छापणारं) मराठी लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेश, दिलं तर हीच भाषा तुम्हाला झकास १२,३४,५६७ छापून देते, आणि स्वतः छापलेलं स्वतःलाच वाचता येत नाही! तेच इंग्रजी अंकात '12,34,567' असेल आणि पार्सइंटला दिलं तर तो पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतो, बारा लाखांचे बारा रुपये, आणि एरर पण नाही, म्हणून हे जास्त वाईट. उपाय साधा आहे, आधी स्वल्पविराम काढा, मग प्रत्येक देवनागरी अंक '०१२३४५६७८९' मध्ये इंडेक्सऑफने (कितव्या जागी आहे ते सांगणारं) शोधा, जो इंडेक्स मिळेल तोच इंग्रजी अंक, आणि मग नंबर करा.

याहून भारी कोडं म्हणजे शाळेतलं "रामाला भाला मारा". उलटसुलट सारखंच, बरोबर? जागा काढून टाका, स्प्लिट, रिव्हर्स, जॉइन (तोडा, उलटा, जोडा) करा आणि मूळाशी तुलना करा, फॉल्स. कारण जावास्क्रिप्टला रा म्हणजे र आणि काना अशा दोन वस्तू दिसतात, लेंग्थ विचारली तर 7 नाही, 14 येते, आणि उलटल्यावर पहिलाच काना एकटा ठिपक्यांच्या गोलाला लटकलेला दिसतो. 'क्षत्रिय' ची लेंग्थ 8 आहे, मोजून बघा. तीन टिंबांचा स्प्रेड (...) स्ट्रिंगचे तुकडे करायला इमोजीला उपयोगी पडतो, मात्रेला नाही. इथे इंटल या भाषाविषयक सोयींच्या संचातला सेगमेंटर वापरायचा, ग्राफिम (डोळ्याला दिसणारं अक्षर) पातळीवर तोडायचं, मग सात अक्षरं मिळतात, उलटा, जोडा, ट्रू. जोडाक्षरांचं मात्र जपून, ती एकत्र धरायचा नियम युनिकोडच्या (सगळ्या लिपींच्या अक्षरांचं मानक) १५.१ आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या ब्राउझरमध्ये क्ष चे दोन तुकडे होतात. (आणि "चिमा काय कामाची" सेगमेंटरनेही फॉल्सच येणार, एक चि ऱ्हस्व आणि एक दीर्घ, तिथे भाषेला दोष देऊ नका.)

शेवटी तारखा, इथे कोडं कमी आणि मनस्ताप जास्त. महिने 0 पासून मोजतात पण दिवस 1 पासून, म्हणून न्यू डेट(2025, 1, 31) म्हणजे ३१ फेब्रुवारी, तो गुपचूप पुढे सरकून ३ मार्च होतो. याचाच फायदा घेता येतो, महिन्याचा शेवटचा दिवस हवा असेल तर पुढच्या महिन्याचा दिवस 0 मागा, (2025, 2, 0) दिलं की २८ फेब्रुवारी मिळतो, लीप वर्षाचा विचार तोच करतो. पण '2025-08-15' अशी नुसती स्ट्रिंग दिली तर ती यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र धरली जाते, म्हणजे पुण्यात पहाटे साडेपाच, तारीख बरोबर, टेस्टिंग पास, आणि न्यू जर्सीत बसलेल्या माणसाला तेच पान १४ ऑगस्ट रात्री आठ दाखवतं. त्याच स्ट्रिंगला टाइमझोन न लावता 00:00 वेळ जोडली की मात्र लोकल धरतात. आपल्याकडे बसून हा बग दिसावा असं वाटत असेल तर क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (एफ१२ने उघडतं तेच पॅनेल) सेन्सर्स टॅबमध्ये लोकेशन बदलून सॅन फ्रान्सिस्को करा आणि पान रिफ्रेश करा.