घरात म्हातारं किंवा अपंग माणूस आहे? या चुका टाळा

घरोघरी जाऊन म्हाताऱ्या आणि अपंग माणसांची शुश्रूषा करण्यात माझ्या नोकरीची वर्षं गेली. मूळ आजारापेक्षा रोजच्या बारीकसारीक चुकांनी झालेलं नुकसान मी जास्त पाहिलं. या चुका बहुतेक मायेपोटीच होतात, त्यामुळे घरात कोणी टोकत नाही.

‘वय झालं आता’ म्हणून सोडून देणं

काल रात्रीपर्यंत नीट बोलणाऱ्या आजी आज सकाळी सुनेला ओळखत नाहीत, कोपऱ्यात कोणी बसलंय म्हणतात. घरचे म्हणतात, विसरायला लागल्या. पण विसराळूपणाचा आजार सहसा असा एका रात्रीत येत नाही. असा अचानक गोंधळ उडाला की लघवीचा संसर्ग, साफ न झालेलं पोट, अंगातलं कमी पडलेलं पाणी किंवा सोडियम, नाहीतर नव्याने सुरू झालेली गोळी, यांच्यावर आधी संशय घ्यायचा. म्हातारपणी संसर्गात ताप येतोच असं नाही, म्हणून थर्मामीटर बघून निर्धास्त होऊ नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. बीपीची एकच गोळी दोन डॉक्टरांनी दोन नावांनी दिलेली आहे, हे त्या पिशवीतच सापडतं.

तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडायला लागला किंवा जीभ जड झाली, तर ‘सकाळी बघू’ अजिबात नको. हा अर्धांगवायूचा झटका असू शकतो आणि मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आणखी एक खोड. डायपर सारखा बदलावा लागू नये म्हणून आजींना पाणीच कमी देतात, कधी आजी आपणहूनच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, पोट घट्ट, आणि पुन्हा तोच गोंधळ.

काखेत हात घालून उचलणं

ही चूक घरोघरी दिसते. अर्धांगवायूनंतर लुळ्या बाजूच्या खांद्याला स्नायूंचा आधार उरलेला नसतो. त्या हाताला धरून किंवा काखेतून वर ओढलं की सांधा खाली सरकतो आणि मग आजोबा कपडे घालतानाही ओरडतात. ओढणाऱ्याची कंबर जाते ती वेगळीच.

उठवायची रीत सोपी आहे. आधी त्यांना पलंगाच्या कडेपर्यंत पुढे सरकवा. पावलं जमिनीवर टेकलेली आणि गुडघ्यांच्या थोडी मागे हवीत. मिनिटभर तसंच बसू द्या, कारण झोपेतून एकदम उभं केलं की बीपी उतरतं आणि चक्कर येते. मग पुढे वाकायला सांगा, इतकं की नाक पायाच्या बोटांवर यावं. त्यांच्या कमरेला रुंद पट्टा बांधून तुम्ही फक्त तो धरा. एक, दोन, तीन म्हणा आणि उठू द्या त्यांना. निम्मं वजन ते स्वतःच उचलतात. व्हीलचेअर धडधाकट बाजूला लावा, ब्रेक लावा, फूटरेस्ट वर करा. उतारावरून खाली नेताना खुर्ची उलटी फिरवा आणि तुम्ही खालच्या बाजूला राहा.

बाथरूममध्ये टॉवेलच्या दांडीला आधार समजू नका. ती टॉवेलपुरतीच असते, तोल गेला की स्क्रूसकट हातात येते. भिंतीत पक्का ठोकलेला स्टीलचा बार कमोडशेजारी बसवा. सुटं पायपुसणं काढून टाका. रात्री पलंगापासून संडासापर्यंत उजेड ठेवा. आतून कडी न लावण्याबद्दल मात्र आधी त्यांच्याशी बोला, परस्पर कडी काढून टाकली तर माणूस अपमान गिळून बसतो.

आडवं ठेवून भरवणं

पेज घेताना ठसका लागला की लगेच पाणी देतात. गिळण्याचा त्रास असलेल्या माणसाला खरं तर पातळ पाणीच सगळ्यात अवघड. ते भसकन श्वासनलिकेत जातं आणि पुढे न्युमोनिया होतो. सरळ बसवा, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा नाही. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. गोळी कुटून देण्याआधी डॉक्टरांना विचारा. हळूहळू विरघळण्यासाठी केलेली गोळी कुटली तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

एअर बेड, म्हणजे हवेची गादी, आणली म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलायला नको, हाही एक गोड गैरसमज. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायचीच. माकडहाड आणि टाचा रोज बघा. लाल डागावर बोट दाबून सोडलं आणि लाली पळाली नाही, तर पडून राहिल्याच्या दाबाने होणाऱ्या जखमेची सुरुवात झाली. तिथे चोळू नका, पावडर थापू नका आणि मधे भोक असलेली गोल उशी वापरू नका. त्या उशीने कडेचा रक्तपुरवठा दबतो.

माणसाला सोडून सोबत्याशी बोलणं

‘यांना चहा चालतो का?’ असं व्हीलचेअरमागे उभ्या असलेल्या मुलीला विचारतात. त्यांनाच विचारा की! अंध माणसाचा हात धरून ओढू नका, तुमचं कोपर त्यांना धरू द्या. ऐकू कमी येत असेल तर टीव्ही बंद करून समोर बसा. कानात ओरडल्याने आवाज वाढतो, शब्द मात्र कळत नाहीत.

कागद नंतर बघू म्हणणं

दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरून आधीच काढून ठेवा. बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. आईवडिलांनी घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करताना सांभाळाची अट त्यात लिहून घ्यावी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली, ती अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं.

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम) किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा) असलेल्या मुलांचे आईवडील हमखास विसरतात ती गोष्ट वेगळी. मूल 18 वर्षांचं झालं की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्ट या अशा व्यक्तींसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 1999 च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. अठरावा वाढदिवस झाला की लगेच त्या कामाला लागा, बँकेच्या खिडकीवर अडेपर्यंत थांबू नका.