वक्र पृष्ठावरून झोत लवकर सुटतो? या चुका टाळा

अरुंद फटीतून निघालेला हवेचा झोत बहिर्वक्र पृष्ठाला धरून वळतो. हाच कोआंडा परिणाम. तो समजावताना हमखास नळाच्या धारेत चमचा धरून दाखवतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पाण्याच्या त्या धारेत पृष्ठताणाचा मोठा वाटा असतो. हवेत सुटलेल्या हवेच्या झोताला पृष्ठताण नसतोच. तो भोवतालची हवा ओढून घेत पुढे जातो. भिंतीच्या बाजूने ही हवा पुरेशी मिळत नाही, तिथला दाब उतरतो आणि बाहेरचा दाब झोताला पृष्ठाकडे ढकलतो. म्हणून पृष्ठ गुळगुळीत करून किंवा त्यावर लेप देऊन झोत 'चिकटवण्याच्या' खटपटीतून फारसं काही हाती लागत नाही.

दाब किती उतरतो, हे आधी कागदावर काढावं. घनता गुणिले वेगाचा वर्ग गुणिले फटीची रुंदी, भागिले पृष्ठाची त्रिज्या. फट 2 मिमी, त्रिज्या 50 मिमी आणि वेग सेकंदाला 40 मीटर धरला तर उत्तर येतं सुमारे 77 पास्कल, म्हणजे जेमतेम 8 मिमी पाण्याचा स्तंभ. एवढ्याशा फरकावर सगळा खेळ चालतो. पुढे झोताचा जोर ओसरतो तसा पृष्ठावरचा दाब पुन्हा वर चढतो आणि त्या चढाशी झगडता झगडता झोत सुटतो.

तो नेमका कुठे सुटेल? बी. जी. न्यूमन यांनी 1961 साली मांडलेल्या सूत्रानुसार वरच्या मापांच्या वृत्तचितीवर सुटण्याचा कोन फटीपासून साधारण 230 अंश येतो. हा आकडा पाहून लोक हरखतात आणि प्रयोगात झोत त्याआधीच सुटला की यंत्रणेला दोष देतात. सूत्राची अट मात्र वाचलेली नसते. त्यात वापरलेला रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाहाचा जोर हवेच्या चिकटपणापेक्षा किती वरचढ आहे हे सांगणारी संख्या, 40,000 च्या वर हवा. आपल्या उदाहरणात तो 19,000 च्या आसपासच आहे. अट पुरी करायला वेग सेकंदाला सुमारे 85 मीटर लागेल. तेवढं बळ नसेल तर झोत लवकर सुटणारच.

सगळ्यात महागात पडते ती सपाट भिंतीवरचे आकडे वक्र भिंतीला लावण्याची सवय. सपाट भिंतीवर झोताची अर्धरुंदी (भिंतीपासून वेग कमाल वेगाच्या निम्मा होईपर्यंतचं अंतर) फटीपासूनच्या अंतराच्या सुमारे 0.073 पट दराने वाढते. बहिर्वक्र पृष्ठावर हा दर बराच जास्त असतो, कारण वक्रता टर्ब्युलन्सलाच, म्हणजे प्रवाहातल्या विस्कळीत खळबळीलाच, हात घालते. झोताच्या बाहेरच्या थरात वेग बाहेरच्या दिशेने कमी होत जातो. तिथला हवेचा एखादा पुंजका बाहेर फेकला गेला की तो नव्या शेजाऱ्यांपेक्षा वेगवान ठरतो. त्याला वळवून ठेवण्याइतका दाबाचा उतार तिथे नसतो, म्हणून तो आणखी बाहेर जातो. मिसळण वाढते, झोत जाड होतो. भिंतीलगतच्या पातळ थरात नेमकं उलट घडतं, तिथली खळबळ दबते. अंतर्वक्र पृष्ठावर भूमिका बदलतात: बाहेरचा थर शांत होतो, भिंतीजवळ प्रवाहाच्या दिशेने लांबट गॉर्टलर भोवरे उठतात. त्यामुळे 'वक्रतेने झोत पसरतो' असं सरसकट म्हणणं चूकच.

संगणकावर प्रवाह काढताना टर्ब्युलन्सचा अंदाज बांधणारं प्रचलित के-एप्सिलॉन मॉडेल मूळ रूपात वापरणाऱ्यांनी इथे थांबावं. त्याला ही वक्रता जवळजवळ जाणवतच नाही. टर्ब्युलन्सचे अभ्यासक ब्रॅडशॉ यांनी 1973 सालीच दाखवलं होतं की वक्रतेचा टर्ब्युलन्सवरचा परिणाम वरवरच्या अंदाजाच्या दहापट असू शकतो. ती जाण नसलेलं मॉडेल झोत प्रत्यक्षापेक्षा जास्त काळ चिकटलेला दाखवण्याची शक्यता मोठी. वक्रतेची दुरुस्ती जोडलेलं मॉडेल किंवा खळबळीतून येणारे ताण एकेक करून सोडवणारं रेनॉल्ड्स-ताण मॉडेल घ्या. गणनेची जाळी बारीक करून हा दोष जात नाही. माझ्या मते त्यावर वेळ घालवूच नये.

प्रयोगात संशय आला तर आधी फट मोजा, तीही दाब चढवलेला असताना. 2 मिमीच्या फटीचा ओठ 0.1 मिमीने फुगला तरी रुंदीत 5 टक्के फरक पडतो, आणि तो टोकापासून टोकापर्यंत सारखा नसतो. मग फटीच्या दोन्ही टोकांना झोत बंदिस्त करणाऱ्या बाजूच्या पाट्यांकडे पाहा: त्यांच्यालगतचे मंद थर आडवे प्रवाह निर्माण करतात आणि मधला झोत आखूड वाटतो. फट अरुंदच राहू द्या, पण लांबी भरपूर ठेवा. फटीमागचा निरपेक्ष दाब बाहेरच्या 1.89 पटीहून जास्त असेल तर फटीच्या तोंडाशीच प्रवाह ध्वनिवेगाला पोचतो, पुढे धक्कालहरी येतात आणि वरचं कोणतंच गणित लागू राहत नाही.

हॉट-वायरवर, म्हणजे तापवलेली तार किती थंड होते त्यावरून वेग मोजणाऱ्या उपकरणावर, डोळे मिटून भिस्त ठेवू नका. हवा पुढे चालली आहे की मागे, हे त्या तारेला कळत नाही, त्यामुळे सुटलेल्या भागातला उलटा प्रवाहही ती पुढचाच म्हणून नोंदवते. भिंतीला फार जवळ नेली तर भिंत उष्णता शोषते आणि वेग फुगून दिसतो. सुटण्याची जागा पृष्ठावरच्या दाबछिद्रांवरून (दाब मोजण्यासाठी पाडलेल्या बारीक छिद्रांवरून) ठरवा: दाब चढायचा थांबून जिथे सपाट होतो, तिथे झोत सुटला. ही नोंद वेग वाढवताना आणि उतरवताना अशी दोनदा घ्या. एकदा चिकटलेला झोत उतरत्या वेगात बराच तग धरतो, सुटलेला झोत मात्र त्याच वेगाला परत चिकटेलच असं नाही.